जुन्या फोटोतील वस्तू काय बोलतात?



आज आपण जुने फोटो वाचायला शिकणार आहोत. हो, वाचायलाच! फोटो बघणं आणि फोटो वाचणं यात फरक आहे. बघताना आपलं लक्ष चेहऱ्याकडे जातं. वाचताना मात्र आपण चेहऱ्याच्या आजूबाजूला काय आहे तेही पाहतो. हातात पुस्तक आहे का? शेजारी टेबल आहे का? कमरेला तलवार आहे का? मागे पडदा कसला आहे? या सगळ्या वस्तू तिथे आपोआप आलेल्या नसतात. कोणीतरी त्या तिथे ठेवलेल्या असतात. त्या कोणी ठेवल्या आणि का ठेवल्या, हा आजच्या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

इतिहासाच्या पुस्तकात आपण लिखित, भौतिक आणि मौखिक साधनं शिकतो. जुना फोटो हेही इतिहासाचं एक साधन आहे. पण कुठलंही साधन नीट तपासून वापरावं लागतं, नाहीतर ते आपल्याला फसवतं.

प्रतीक म्हणजे काय?

एखादी वस्तू स्वतःपेक्षा मोठा अर्थ सांगते तेव्हा तिला आपण प्रतीक म्हणतो. तराजू दिसला की न्याय आठवतो. कुंकू दिसलं की सौभाग्य आठवतं. वस्तू साधीच असते, पण समाजाने तिला अर्थ चिकटवलेला असतो.

फोटोच्या आधी काय होतं?

आपल्या भोर तालुक्यातलं आंबवडे गाव घ्या. झुलता पूल आणि नागेश्वराचं देऊळ पाहायला तुम्ही सहलीला गेला असाल. याच आंबवड्यात कान्होजी जेधे, जिवा महाला आणि शंकराजी नारायण सचिव यांच्या समाध्या आहेत. यांपैकी एकाचाही फोटो नाही. कारण सोपं आहे, त्या काळात कॅमेराच नव्हता. तरी "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण ऐकली की डोळ्यांसमोर कोण उभं राहतं? हातात शस्त्र घेतलेला वीर! म्हणजे चेहरा माहीत नसतानाही आपण माणसाला एका वस्तूवरून ओळखतो.

दगडातही हेच दिसतं. सह्याद्रीच्या पट्ट्यात जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ आढळतात. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. त्यावर खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला स्वर्गात नेतात ते दृश्य आणि वर तो देवाची पूजा करताना, असे कप्पे कोरलेले असतात. सगळ्यांत वर चंद्र आणि सूर्य असतात. त्यांचा अर्थ असा, की चंद्रसूर्य असेपर्यंत या वीराची कीर्ती राहील. सतीच्या दगडावर बांगड्या भरलेला हात कोरतात. म्हणजे वस्तूंतून माणसाची गोष्ट सांगायची रीत आपल्याकडे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून होती. कॅमेरा नवीन होता, पण ही भाषा जुनीच होती.

कॅमेरा आपल्याकडे कसा आला?

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर हे फोटो निघत. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत शोधली. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत जाऊन धुवायचा. काच वाळली की काम फुकट! पण या पद्धतीत एका काचेवरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढता येत.

मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचे भाऊ नारायण दाजी हेही सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक होते. म्हणजे ही कला आली तेव्हा आपली माणसं कॅमेऱ्यासमोर होती, तशी कॅमेऱ्यामागेही होती.

१८५४ मध्येच दिस्देरी या फ्रेंच फोटोग्राफरने एकाच काचेवर आठ छोटे फोटो काढायची युक्ती काढली. साधारण ६ × ९ सेंटिमीटरचे हे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून लोक एकमेकांना भेट देऊ लागले. फोटो स्वस्त झाला. राजे-सरदारांबरोबर वकील, शिक्षक, व्यापारीही स्टुडिओत जाऊ लागले.

आधी गरज, मग अर्थ

आता एक गंमत पाहा. जुन्या फोटोत टेबल, खुर्ची, खांब एवढे का असतात? पहिलं कारण अगदी साधं आहे: हलायचं नव्हतं! सुरुवातीच्या पद्धतीत कित्येकदा मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ स्थिर बसावं लागे. ओल्या काचेच्या पद्धतीत हा वेळ काही सेकंदांवर आला, पण तेवढ्यातही माणूस हलला की चेहरा पुसट व्हायचा. म्हणून उभ्या माणसाच्या मागे लोखंडी आधार लावत आणि त्याचा चिमटा डोक्यामागे टेकवत. एखाद्या जुन्या फोटोत उभ्या माणसाच्या पायांमागे लोखंडी पाया डोकावताना दिसला, तर तो याच आधाराचा असू शकतो. हात टेबलावर टेकवला, खुर्चीच्या पाठीवर ठेवला की हलत नसे. मोकळ्या हाताचं काय करायचं हे कळत नसेल तर त्यात पुस्तक द्यायचं. जुन्या फोटोत माणसं हसत नाहीत, त्यामागेही हे एक कारण आहे. तेवढा वेळ हसू टिकवून धरणं अवघडच.

म्हणजे वस्तू आधी आधारासाठी आली आणि मग तिला अर्थ मिळाला. टेकायचंच आहे तर नुसत्या बाकावर कशाला, कोरीव खुर्चीवर टेकू! हातात काही धरायचंच आहे तर लाकडाचा तुकडा कशाला, पुस्तक धरू! इथून प्रतीकांची निवड सुरू झाली.

कोणती वस्तू काय सांगते?

आता एकेक वस्तू घेऊ.

१. खुर्ची. आपल्याकडे बैठक असायची ती गादी-तक्क्यांची. खुर्ची ही कचेरीतली, साहेबाची वस्तू. सरकारदरबारी कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला उभं राहावं लागतं, हा त्या काळी मानाचा मोठा प्रश्न होता. म्हणून खुर्चीवर बसलेला माणूस आपला मान सांगत असतो. कुटुंबाच्या फोटोत कोण बसलंय आणि कोण उभं आहे तेही पाहा. वडीलधारी माणसं खुर्चीवर, कर्ते पुरुष आणि सुना मागे उभ्या, पोरंसोरं खाली गालिच्यावर. अख्ख्या घराची उतरंड एका फोटोत मिळते.

२. पुस्तक. पुरुषाच्या हातात पुस्तक म्हणजे "मी शिकलेला आहे". बाईच्या हातात पुस्तक असेल तर त्याचा अर्थ जास्त खोल आहे. ज्या काळात "बाई शिकली तर नवरा मरतो" असली भीती घातली जायची, त्या काळात बाईने पुस्तक धरून फोटो काढून घेणं म्हणजे जाहीर उत्तरच होतं.

३. घड्याळ. कोटाच्या खिशातून लोंबणारी साखळी दिसली की समजा खिशात घड्याळ आहे, किंवा आहे असं दाखवायचं आहे. रेल्वे, कचेरी, शाळा यांनी वेळेला किंमत आणली. सूर्याकडे बघून दिवस मोजणाऱ्या समाजात घड्याळवाला माणूस नव्या जगातला ठरत होता.

४. छत्री. छत्र हे राजाचं चिन्ह. दरबारात अब्दागीर कोणाच्या डोक्यावर धरायची याचे नियम असत. पुढे कापडी छत्री बाजारात आली आणि सामान्य माणसाच्या हाती लागली. पण तिच्यातला मान लगेच गेला नाही. म्हणून लख्ख उजेडातल्या स्टुडिओतही मिटलेली छत्री हातात दिसते. तिथे ना ऊन, ना पाऊस!

५. तलवार. ही वस्तू वाचताना एक तारीख लक्षात ठेवा. १८७८ मध्ये इंग्रज सरकारने शस्त्र कायदा केला आणि शस्त्र बाळगायला परवाना लागू लागला. त्यानंतरच्या फोटोत संस्थानिक किंवा सरदार तलवारीवर हात ठेवून बसलेला दिसतो, तेव्हा ती तलवार लढाईसाठी राहिलेली नसते. "माझ्या घराण्याला हा मान अजून आहे" एवढंच ती सांगते. खरी सत्ता गेली आणि तिची खूण उरली, हे त्या एका तलवारीत वाचता येतं.

६. खांब आणि रंगवलेला पडदा. युरोपात चित्रकार श्रीमंतांच्या चित्रात मागे ग्रीक-रोमन धाटणीचा खांब आणि जाड पडदा काढत. स्टुडिओवाल्यांनी तीच पद्धत उचलली. त्यामुळे साध्या घरात राहणारा आपला कारकूनही फोटोत एखाद्या महालाच्या सज्जात उभा दिसतो.

७. हार. हा खास आपला. भिंतीवरच्या फोटोला हार दिसला की घरात शिरणाऱ्याला न सांगता कळतं, ही व्यक्ती आता नाही. जिवंत माणसाच्या गळ्यात हार म्हणजे सत्कार, पण त्याच माणसाच्या फोटोला हार म्हणजे श्रद्धांजली. वस्तू तीच, पण जागा बदलली की अर्थ बदलला.

सावधान! फोटो फसवतो

इथपर्यंत सोपं वाटलं असेल. पण परीक्षेत जसा एखादा फसवा प्रश्न असतो, तसे फोटोतही तीन फसवे प्रश्न असतात.

पहिला प्रश्न रंगाचा. जुन्या काचांवरच्या रसायनाला निळा प्रकाश चटकन कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. त्यामुळे निळं कापड फिकट दिसायचं आणि लाल वस्तू काळी. म्हणून कपाळावरचं लाल कुंकू जुन्या फोटोत काळ्या ठिपक्यासारखं दिसतं आणि लाल पगडी काळी वाटते. "आमचे पणजोबा काळी पगडी घालायचे" असं फोटोवरून ठरवू नका!

दुसरा प्रश्न उजव्या-डाव्याचा. पत्र्यावर किंवा काचेवर थेट निघणारे सुरुवातीचे फोटो आरशासारखे उलटे येत. उजव्या हाताने तलवार उपसणारा माणूस ती डाव्या कमरेला लावतो. फोटोत ती उजवीकडे दिसली तर माणूस डावखुरा असेलच असं नाही, फोटोच उलटा असू शकतो.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: वस्तू कोणाची? स्टुडिओत खुर्ची, टेबल, फुलदाणी, पुस्तकं, कधी कोटसुद्धा तयार असे. एकच खुर्ची शंभर घरांतल्या फोटोंत असू शकते. पण म्हणून तो फोटो खोटा ठरतो का? माझं उत्तर आहे, नाही. उसना कोट घातलेला माणूस आपल्याजवळ काय होतं ते सांगत नाही. आपल्याला काय व्हायचं होतं ते सांगतो. इतिहासात माणसाच्या संपत्तीइतकीच त्याची इच्छाही महत्त्वाची असते. फक्त दोन्हींत गल्लत करायची नाही.

दुसऱ्याने ठेवलेली वस्तू

आता थोडं गंभीर होऊ. वर आपण ज्यांच्याबद्दल बोललो ते पैसे देऊन, स्वतःच्या मर्जीने फोटो काढून घेत होते. पण त्याच काळात असेही फोटो निघाले ज्यांत समोरच्या माणसाला फारसं कोणी विचारलंच नाही.

विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या इंग्रज फोटोग्राफरने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या अनेक फोटोंत माणसांचा फोटो वेगळा काढलेला आहे आणि मागचं दृश्य दुसऱ्याच फोटोतून जोडलेलं आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारच्या पुढाकाराने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना इथली माणसं ओळखून, वर्गवारी करून ठेवायची होती. अशा फोटोंत एखाद्याच्या हातात धनुष्य, एखाद्याच्या हातात अवजार, एखाद्यापुढे धंद्याचं सामान असतं. खाली बहुतेक वेळा जातीचं किंवा जमातीचं नाव असतं. माणसाचं नाव मात्र नसतं.

फरक लक्षात आला? वकिलाच्या हातातलं पुस्तक म्हणतं, "मी अमुक अमुक, मी शिकलोय." या खंडांतलं अवजार म्हणतं, "हे लोक असे असतात." पहिल्यात माणूस वस्तूचा उपयोग करतो. दुसऱ्यात वस्तू माणसाला झाकून टाकते. आपल्या मावळात कोळी, रामोशी, धनगर, कातकरी अशा कितीतरी समाजांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अशा जुन्या छापील फोटोत आपल्यासारखा चेहरा दिसला आणि खाली नावाऐवजी फक्त जात दिसली, तर तो माणूस तसाच होता असं मानू नका. तो कोणाचा तरी बाप होता, कोणाचा तरी मुलगा होता. ते सांगायची संधी त्याला मिळाली नाही, एवढंच.

स्वतः निवडलेली वस्तू: डॉ. आनंदीबाई जोशी

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या मराठी मुलीचं आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया येथे तीन विद्यार्थिनींचा एक फोटो निघाला. तिघीही पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबत इस्लामबूली. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे. आनंदीबाई साडीत आहेत.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण आधीचं वर्ष-दीड वर्ष नाही, आधीची सगळी गोष्ट आठवा. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी भाषण केलं. पतीबरोबर रस्त्याने चालतानासुद्धा लोक कसे टोचून बोलत, हसत, हे त्यांनी त्यात सांगितलं. आणि मी हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येणार, असंही ठामपणे सांगितलं. म्हणून फोटोतली ती साडी नुसतं वस्त्र नाही. दिलेला शब्द पाळल्याचा तो पुरावा आहे. "शिकायचं तर आपलेपण सोडावं लागतं" असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर आहे.

आता मघाचा प्रश्न विचारा. जॉन्सनच्या खंडातही साड्या नेसलेल्या बायका आहेत. मग फरक कुठे? फरक असा, की आनंदीबाईंनी ती साडी त्या शहरात, त्या हवेत स्वतः निवडली आणि फोटोखाली त्यांचं नाव आहे. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं एकवीस वर्षांचं. डॉक्टरकी करायला त्यांना वेळ मिळाला नाही. पण तो फोटो आजही सांगतो की त्या तिथपर्यंत पोचल्या होत्या.

फोटोतून चौकात

आणखी एक उदाहरण तुम्ही रोज पाहता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोट-टाय घातलेले फोटो घ्या. ज्या समाजाला चांगले कपडे घालायला, चांगली भांडी वापरायला, गावाच्या पाणवठ्यावर पाणी भरायला मज्जाव होता, त्या समाजातल्या माणसाने अंगात कोट घालणं हा नुसता पोशाख नव्हता. तो हक्क होता. पुढे पुतळे झाले तेव्हा कोट तसाच राहिला, खिशाला पेन आलं आणि हातात संविधान आलं. आता गावोगावच्या चौकात तो कोट, ते पुस्तक सगळे ओळखतात. अक्षर न वाचता येणारी आजीसुद्धा त्या पुस्तकाचा अर्थ सांगते. प्रतीक याहून मोठं काय असू शकतं?

आता तुमची पाळी: उपक्रम

घरातला सर्वांत जुना फोटो शोधा. भिंतीवर असेल, पेटीत असेल, मामाच्या गावी असेल. मग आजी-आजोबांजवळ बसून हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

१. फोटोत कोण कोण आहे? प्रत्येकाचं पूर्ण नाव काय? बायकांचं माहेरचं नावही विचारा.
२. फोटो कुठे आणि कशासाठी काढला? लग्न, जत्रा, नोकरी, की उगाच हौस?
३. फोटोत कोणकोणत्या वस्तू आहेत?
४. त्यातल्या घरच्या कोणत्या, स्टुडिओतल्या कोणत्या?
५. कोण बसलंय, कोण उभं आहे, आणि कोण फोटोतच नाही?

पाचवा प्रश्न सोडू नका. घरातली एखादी विधवा आत्या, शेतावर राबणारा गडी, शाळेत न गेलेली मोठी बहीण फोटोत नसते. त्यांच्याबद्दल आजीच सांगू शकेल.

उत्तरं मिळाली की फोटोच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. बॉलपेन वापरू नका, दाबामुळे पुढच्या बाजूला वळ उमटतात. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, आहे तसा मोबाईलवर त्याचा फोटो घ्या आणि नावं वहीत लिहा.

हे काम दिवाळीच्या सफाईपर्यंत पुढे ढकलू नका. सफाईत जुने फोटो "हे कोण, काय माहीत" म्हणून फेकले जातात. फोटोतली खुर्ची कोणालाही ओळखता येते, पण तिच्यावर बसलेल्या बाईचं नाव घरात कदाचित एकाच माणसाला माहीत असतं. ते माणूस गेलं की आपलीच पणजी आपल्याला अनोळखी होते. इंग्रजांच्या खंडातल्या बिननावाच्या माणसांसारखी. तिथे नाव लिहिणं आपल्या हातात नव्हतं, इथे आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

● जुन्या फोटोतली वस्तू आधी आधारासाठी आली, मग प्रतीक झाली.
● वस्तू माणसाजवळ काय होतं हे सांगतेच असं नाही, त्याला काय व्हायचं होतं हे सांगते.
● रंग, उजवं-डावं आणि वस्तूची मालकी तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.
● वस्तू कोणी ठेवली हे कळल्याशिवाय तिचा अर्थ पुरा होत नाही.

स्वाध्याय

१. वीरगळ आणि फोटो यांत कोणतं साम्य आहे? तुमच्या शब्दांत लिहा.
२. १८७८ नंतर फोटोतल्या तलवारीचा अर्थ का बदलला?
३. आनंदीबाईंच्या फोटोतील साडी आणि जॉन्सनच्या खंडातील साडी यांच्या अर्थांत काय फरक आहे?
४. शंभर वर्षांनी कोणी तुमचा फोटो पाहणार असेल, तर तुम्ही हातात कोणती वस्तू धराल? का? दहा ओळी लिहा.

चौथ्या प्रश्नात मोबाईल लिहिणारे बरेच निघतील, हे मला माहीत आहे. चालेल! फक्त "का" याचं उत्तर नीट द्या.